कागदाचा ऊस

“ह्यो ऊस व्हय? ही तर जवारी हाय!” तात्यांनी काचेवर बोट आपटलं.

टेबलावर नमुन्याचं खोकं होतं. त्यात मी हिरव्या कागदाचा ऊस केला होता आणि माझ्या मते तो चांगला झाला होता. तात्यांच्या मते असा ऊस लावणाऱ्याला कारखान्यानं दारात उभं करू नये.

“मग कसा हवा?”

“दाट पायजे. आत शिरलेला मानूस दिसाय न्हाय पायजे. आन् उंच. माज्या डोक्याच्या वर.”

मी वहीवर ‘ऊस दाट’ असं लिहून त्याखाली रेघ मारली. पुढे जे काही झालं ते या दोन शब्दांमुळे झालं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. आमचा स्टुडिओ बारामतीत होता. माझा नवरा वसंत फोटो काढायचा आणि मी कागद कापायचे. पुण्यात राहून चित्रकला शिकले, पण शाळेत ड्रॉइंग टीचरची जागा काही निघेना. घरी बसून मी सगळ्यांवर खेकसायला लागले, तेव्हा वसंतनं मला लग्नाच्या अल्बमची पानं सजवायला बसवलं. त्यातून हे खोकं निघालं.

काम काय असायचं ते सांगते. एका निगेटिव्हवरून चार-पाच सारख्या प्रिंट काढायच्या. एका प्रिंटमधून फक्त पुढची माणसं कापून घ्यायची, दुसरीतून मागची, तिसरीतून घर. हे सगळे थर काचेच्या मागे एकामागे एक बसवायचे आणि दोन थरांच्या मध्ये जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावायच्या. त्या पट्ट्यांना आम्ही स्पेसर म्हणायचो. स्पेसरमुळे थरांमध्ये बोटभर जागा राहते आणि माणसं खरोखर घरापुढे उभी आहेत असं वाटतं. झाडं, वेली, डोंगर मात्र फोटोतले नसायचे. ते कागद कापून, त्याला घड्या घालून मी करायचे. बिलावर मी ‘थरचित्र’ असं लिहायचे. गिऱ्हाइकं ‘खोक्याचा फोटो’ म्हणायची आणि अर्थातच त्यांचंच नाव टिकलं.

तात्या इंदापूरकडच्या बावड्याचे. भरपूर ऊस, नवाकोरा बंगला. घरभरणीच्या दिवशी हॉलमध्ये दारासमोरच्या भिंतीवर त्यांना मोठं खोकं हवं होतं. एका बाजूला बंगला, दुसऱ्या बाजूला ऊस आणि पुढे सगळं कुटुंब.

“माणसं किती?” मी विचारलं.

“मी, आमची मंडळी, दोन पोरं, सुना आन् नातवंडं.”

“आणि मुली?”

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारायचे. लेक दिल्या घरी गेली की बाप मोजताना तिला विसरतो, खोकं तयार झालं की आईला आठवण होते आणि मला सगळे थर उचकटावे लागतात.

“मुलगी न्हाय मला,” तात्या म्हणाले.

कॅमेऱ्याची लेन्स पुसत असलेला वसंत थांबला. तात्या जिना उतरून गेल्याची त्यानं दारातून वाकून खात्री केली.

“आहे,” मग तो म्हणाला. “मुलगी आहे त्यांना. रंजना. मी स्वतः तिचा फोटो काढलाय.”

मी हातातली कात्री खाली ठेवली.

त्यानं सांगितलेली हकिगत अशी. रंजना हायस्कूलला जायला लागली तेव्हा तात्यांनी तिच्यासाठी नवी सायकल आणली. त्या काळी तिथे सायकलवर शाळेत जाणारी मुलगी बघायला लोक ओट्यावर यायचे. तात्यांना एवढा अभिमान, की तिचा सायकलसह फोटो काढायला त्यांनी वसंतला मुद्दाम बारामतीहून बोलावून घेतलं. फोटोच्या आधी सायकलची घंटी त्यांनी स्वतःच्या धोतरानं पुसली होती. पुढे तीच रंजना शिकली आणि तिनं निरवांगीच्या एका मास्तराशी लग्न केलं. मुलगा शिकलेला, नोकरीला लागलेला, निर्व्यसनी. पण बौद्ध. तात्यांनी लेकीचं नाव टाकलं.

आम्हीही बौद्धच. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तात्यांना हे चांगलं ठाऊक होतं, कारण वसंतच्या टेबलामागे बाबासाहेबांचा मोठा फोटो होता आणि त्याच्यासमोर बसून तात्या आमचा चहा पिऊन गेले होते. आमचा चहा चालत होता, आमचं खोकं चालत होतं, जावई तेवढा चालत नव्हता. आणि पोटच्या मुलीबद्दल ‘न्हाय’ म्हणताना त्या माणसाचा आवाजसुद्धा हलला नव्हता.

“ऑर्डर परत कर,” मी म्हणाले.

“फोटो तर काढून येऊ. तिथे बघू,” वसंत म्हणाला. भांडण पुढच्या आठवड्यावर ढकलण्यात तो तरबेज होता.

बावड्याला गेलो. बंगल्याला रंग देणं चालू होतं. वसंत अंगणात स्टँड लावत होता आणि तात्या त्याला ‘वसंतराव, वसंतराव’ करत ऊस कुठून चांगला दिसेल ते दाखवत होते. तेवढ्यात काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, मला आत बोलावलं. “बाई, माजा पदर नीट करून द्या जरा.”

पदर नीटच होता. काकींनी दार लोटून घेतलं.

“तुमच्या मालकांनी माज्या रंजीचा फोटो काडला हुता. सायकलीचा.”

“हो. सांगितलं मला.”

“घरातलं तिचं समदं फोटू ह्यांनी चुलीत घातलं. येक न्हाय ठिवला. तुमच्याकडं त्येची निगेटी असंल का?”

“असेल. आम्ही निगेटिव्ह टाकत नाही.”

“मग तिला बी खोक्यात घाला.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “तात्यांना चालेल?”

“दिसंल अशी न्हाय घालायची. मागं घाला. उसात. दाट ऊस सांगितलाय न्हवं त्येंनी?”

मघाशी अंगणात कुणाला पाणी, कुणाला खुर्ची करत मान खाली घालून फिरणारी बाई ती हीच का, असं मला झालं.

“पण काकी, दिसणारच नाही तर उपयोग काय?”

“मला ठावं असंल की. घरभरणी हाय, बाई. समदं घर भरायचं आन् माजी लेक तेवढी भाईर ऱ्हायाची?”

“आणि कळलं तर?”

“कसं कळंल? तुमी सांगनार न्हाय, मी सांगनार न्हाय.” मग त्या म्हणाल्या, “कळलं तर मला ह्या घरात तोंड उघडाय जागा ऱ्हानार न्हाय. म्हनून नीट लपवा.”

मी हो म्हणाले. ऑर्डर परत करायचा विषय तिथेच संपला.

वसंतला निगेटिव्ह सापडलं. काळंपांढरं होतं, पण स्वच्छ होतं. दोन वेण्या, कॅरिअरला दप्तर, दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलेलं, आणि ऊन डोळ्यांवर येऊनही हसू न मावणारा चेहरा. त्याची प्रिंट आम्ही जाड ब्रोमाइड कागदावर काढली. सायकल कापायची म्हणजे छळ असतो. कडेनं कापून भागत नाही. चाकातल्या तारांच्या मधली सगळी पांढरी जागा ब्लेडच्या टोकानं एकेक करून काढावी लागते.

“दिसणारच नाही त्या चाकाच्या तारा कशाला कापत बसलीस?” वसंत म्हणाला.

“मला माहीत असणार ना,” मी म्हणाले. काकींचंच वाक्य आपल्या तोंडून आलं हे माझ्या नंतर लक्षात आलं. खरं सांगायचं तर अर्धवट कापलेलं काम माझ्या हातून निघतच नाही. तो माझा गुण नाही, खोड आहे.

खोक्याची रचना अशी केली. सगळ्यात मागे आकाश. ते बटर पेपरचं, म्हणजे पांढऱ्या अर्धपारदर्शक कागदाचं, लाकडी चौकटीवर ताणून बसवलेलं. त्याच्या पाठीमागे हार्डबोर्डची फळी. आकाशापुढे रंजना आणि सायकल. तिच्यापुढे ऊस. उसाची पानं मी पतंगाच्या हिरव्या कागदाची केली. प्रत्येक पानाला मधोमध उभी घडी घातली की शीर उठून दिसते आणि पान आपोआप वाकतं. पानांचे तीन थर दिले. समोरून बघितलं तर आत सायकल सोडा, ट्रॅक्टर लपला असता. त्याच्यापुढे बंगला आणि सगळ्यात पुढे हसरं रंगीत कुटुंब.

पतंगाचा कागद पातळ असतो. मागून उजेड आला तर तो काही लपवत नाही, आणि ब्रोमाइडचा जाड कागद त्यावर काळाकुट्ट उमटतो. हे मला शिकवायला नको होतं. पण मागून उजेड येण्याचा प्रश्नच नव्हता. खोक्यात दिवा नव्हता.

खोकं नेताना तात्या खूश झाले. “आता झाला ऊस!” त्यांचा थोरला मुलगा दत्ता, हौशी गडी, खोक्याच्या भोवती फिरत होता. “मॅडम, मागची फळी निगती का?” त्यानं विचारलं. धूळ पुसायला विचारतोय असं समजून वसंतनं त्याला स्क्रू दाखवले.

घरभरणीला आम्ही दोघं दुपारनंतर पोहोचलो. दिवस मावळायला आला तरी लाईट नव्हती. त्यात नवल नव्हतं, लोडशेडिंग चालूच असायचं. हॉलमध्ये गॅसबत्त्या लावल्या होत्या आणि पंगत बसली होती. सगळे भाऊबंद, सगळे सोयरे. खोकं भिंतीवर छान बसलं होतं. जो तो ऊस बघून मान डोलावत होता. काकी वाढत होत्या. माझ्या ताटापाशी आल्या तेव्हा त्यांनी खोक्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला जिलबी जास्त वाढली.

तेवढ्यात दत्ता माझ्याजवळ येऊन वाकला. “मॅडम, तुमच्या फोटूत म्या लाईट बसवली.”

“काय?”

“मागची फळी काडून दोन ट्यूबा बसवल्या. सकाळी वायरमन आनला हुता. बसवली आन् लाईट गेली, त्यामुळं बगाय मिळालं न्हाय. पर आली की बगा. उसामागनं दिवस उगवल्यावानी दिसंल!”

मागची फळी काढली तरी त्याला फक्त आकाशाचा पांढरा कागद दिसला असणार. त्याच्या पलीकडे काय आहे हे त्याला माहीत नव्हतं.

“बटण कुठंय?”

“भाईरच्या बोर्डावर. चालूच ठिवलंय.”

मी ताटावरून उठले. काय सांगून ते बटण बंद करणार होते, देव जाणे. दोन पावलं टाकली असतील, आणि लाईट आली.

पोरांनी नेहमीसारखा ‘आली, आली’ म्हणून ओरडा केला आणि तो मध्येच थांबला.

उसात एक मुलगी उभी होती. हिरव्या उजेडात काळी, स्पष्ट. दोन वेण्या, कॅरिअरवर दप्तर, सायकलचं हँडल. चाकातली तार न् तार दिसत होती. मी आळस केला असता, चाक नुसतं गोल कापलं असतं, तर तिथे एक काळा डाग पडला असता आणि बुरशी किंवा सावली म्हणून खपलाही असता. पण असं काम मी केलं नव्हतं.

“आगं बया,” पंगतीतली एक म्हातारी म्हणाली, “ही तर रंजी!”

कुणी घास गिळला नाही. वाढपी भाताचं घमेलं धरून तसाच उभा राहिला. दत्ता तोंड उघडं टाकून आपल्याच ट्यूबलाईटकडे बघत होता. तात्यांची सगळ्यात धाकटी नात काकींच्या लुगड्याला ओढून म्हणाली, “आजी, ती सायकल कुनाची?”

“तुज्या आत्याची,” काकी म्हणाल्या.

“मला आत्या हाय?”

दत्ता भानावर येऊन बाहेरच्या बोर्डाकडे धावला. काकींनी आवाज चढवला नाही. “दत्ता, ऱ्हाऊ दे ते,” एवढंच म्हणाल्या. दत्ताचा हात बटणापर्यंत जाऊन मागे आला.

तात्या उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“मॅडम, हे कुनी सांगितलं हुतं?”

मी खोटं बोलायच्या तयारीत होते. चुकून दुसरी प्रिंट आत राहिली, असं काहीतरी. पण माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत काकी मध्ये आल्या. हातात जिलबीची परात तशीच होती.

“म्या सांगितलं. घर भरायचं म्हनला न्हवं तुमी? भरलं.”

मला वाटलं, आता हात उठतो की काय. वसंत पंगतीतून उठून जवळ येऊन थांबला होता. पण तात्या वळले आणि अनवाणीच बाहेर गेले. अंगणातून पुढे, त्यांच्या खऱ्या उसाकडे. त्यांच्या मागे जायची कुणाची छाती झाली नाही. पंगत माना खाली घालून कशीबशी उरकली. आम्हीही निघालो. निघताना मी काकींचा हात धरला.

पुढचे काही दिवस माझं कामात लक्ष लागेना. त्या बाईला माझ्या कलाकुसरीनं उघडं पाडलं, हे डोक्यातून जाईना. “मी बावड्याला जाऊन येते,” असं मी रोज म्हणायचे. “तू गेलीस तर तिचं आणखी अवघड होईल,” असं वसंत रोज म्हणायचा. त्याचंही बरोबर होतं, म्हणून आणखीच चिडचिड व्हायची.

मग एके दिवशी सकाळी स्टुडिओखाली जीप थांबली. दोन गड्यांनी गोधडीत गुंडाळलेलं खोकं वर आणून टेबलावर ठेवलं आणि ते खाली गेले. मागोमाग तात्या आले. एकटेच.

मी आधी विचारलं, “काकी कशा आहेत?”

“बऱ्या हायती. माज्यासंगं बोलत न्हायती.”

मी गोधडी काढली. खोकं फोडलेलं असणार अशी माझी खात्री होती. काच शाबूत होती. ऊस शाबूत होता. दत्ताच्या ट्यूबासुद्धा जागच्या जागी होत्या.

तात्या स्टुलावर बसले.

“ऊस लई दाट झालाय,” ते म्हणाले.

“तुम्हीच सांगितला होता तसा.”

“व्हय. मीच सांगितला हुता.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आता तोडा.”

“किती तोडू?”

त्यांनी खोक्याकडे बघितलं. दिवसाचा उजेड होता आणि ट्यूब बंद होती. उसात काहीच दिसत नव्हतं. तरी त्यांचं बोट काचेवर बरोबर त्या जागी गेलं.

“सायकल निगंल एवढा.”

वसंत डार्करूममध्ये निघून गेला. तिथे त्याचं त्या वेळी काहीही काम नव्हतं. मला मात्र तिथेच उभं राहायचं होतं, कारण ब्लेड माझ्या हातात होतं. काच काढली, पुढचे थर उचलून बाजूला ठेवले आणि ऊस तोडायला लागले. तात्या शेजारी उभे राहून सांगत होते. “ह्यो ठिवा. ह्यो तोडा. मुळापासनं घ्या, वर बुडका ठिवू नका.” आधी पुढचं चाक मोकळं झालं, मग हँडल, मग चेहरा. तात्यांनी तो चेहरा किती वर्षांनी बघितला असेल याचा हिशेब मी केला नाही. त्यांच्या नाकातून एक आवाज आला आणि त्यांनी टोपीनं तोंड पुसलं.

चहा झाल्यावर म्हणाले, “समदी रंगीत हायती. हीच तेवडी काळीपांडरी.”

“निगेटिव्हच तसं आहे, तात्या. रंगीत करायची तर माणूस समोर उभं राहावं लागेल.”

त्यांनी कप खाली ठेवला. “इंदापुरातच ऱ्हाती ती,” असं म्हणून ते गेले. खोकं आमच्याकडेच राहिलं.

रंजना धावत आली, असं कुणाला वाटत असेल तर तसं झालं नाही. दत्ता दोनदा तिच्या दारातून परत आला. मी एकटी फोटोला उभी राहणार नाही, नवऱ्याला घेऊन येईन, नाहीतर येणार नाही, असा तिचा निरोप होता. मला ती मुलगी न बघताच आवडली. तात्यांनी हो म्हणायला सगळा उन्हाळा घालवला. मग एका सकाळी आमच्या स्टुडिओच्या पडद्यासमोर रंजना, तिचा मास्तर नवरा आणि त्यांच्याबरोबर काकी अशी तिघं उभी राहिली. तात्या बाकड्यावर बसून दाराबाहेर बघत होते. काकी त्यांच्याशी बोलायला लागल्या होत्या, पण बेतानं.

फोटो झाल्यावर मी तात्यांना टेबलापाशी बोलावलं. रंजनाची सायकल जिथे निघाली होती तिथे बोट ठेवून अडचण सांगितली. एका माणसाची जागा आहे, नवरा-बायको दोघं बसत नाहीत.

“मग?”

“आणखी थोडा ऊस तोडावा लागेल.”

तात्यांनी जावयाकडे पहिल्यांदा नीट बघितलं. वरपासून खालपर्यंत, बैल बघावा तसं. मग माझ्याकडे वळले.

“तोडा,” ते म्हणाले.

या धंद्यात पुढे कुणी येणार असेल तर माझा सल्ला छोटा आहे. ऑर्डर घेताना दिवा लागणार का आणि कुठून लागणार, ते आधी विचारून घ्या. आणि मागच्या थरातली सायकलसुद्धा तारांसकट कापा.